छत्तीस

आजोबांच्या झेनिटच्या कातडी पिशवीला
अजून कांदा, तंबाखू आणि खाणीचा वास येतो.
आई म्हणाली, मोडशील. मामा म्हणाला, मोडलेलाच आहे.
चियातुरात फोटो काढण्याजोगं आहे काय,
असं गल्लीत जो तो विचारत होता,
आणि माझ्याकडे एकच रोल, मुदत उलटून गेलेला,
कुताइसीच्या बाजारातला,
दोन महिने मधल्या सुट्टीची खाचापुरी न खाता घेतलेला.

कंजूष हाताने तूप वाढावं तसे मी फोटो वाढले.
नदीला एक. मँगनीज धुऊन ती काळीच वाहते,
तरी बदकं येतात.
शाळेच्या भिंतीला एक, जिथे घड्याळ काढून नेल्याची गोल खूण आहे.
झुराबच्या बुटांना दोन. का, ते सांगणार नाही.

आणि लम्झिराला, उरलेले जवळजवळ सगळे.
लम्झिरा रोपवेच्या निळ्या डब्यात उभी असते,
एकतीस वर्षं, रोज तीच दरी.
खांद्याशी टेलिफोन दाबून वरच्या माणसाला म्हणते, ओढ,
आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं खिशात ठेवते,
दरीत टाकत नाही.
महिन्याभरात हा जुना दोर उतरवणार होते.
मी कॅमेरा वर केला तेव्हा ती लाजली नाही, केस सारखे केले नाहीत.
म्हणाली, थांब, काच घाण आहे,
आणि स्वेटरची बाही मुठीत ओढून
पुसायला लागली.
तेवढ्यात मी दाबलं.
डबा सुटताना पोटात खड्डा पडतो ना,
तसं कळलं मला, की हाच तो.

छत्तिसानंतरही दांडी फिरतच होती. अडतीस. चाळीस.
मी खूश. दुकानदाराने चुकून चार जास्त दिले!
फुकटचं मिळालं की अक्कल कशी गहाण पडते बघा.

सांस्कृतिक भवनाच्या तळघरात ओतारसरांनी
फिल्म पाण्यातून काढून दिव्यासमोर धरली.
सुरुवातीचा वीतभर तुकडा काळा,
पुढे सगळं पारदर्शक, पलीकडे सरांची भुवई दिसेल इतकं.
कडेला कारखान्याने छापलेले आकडे तेवढे उमटले होते,
एक, दोन, तीन, शिस्तीत, छत्तीसपर्यंत,
आणि कुठल्याच आकड्याच्या वाट्याला काही नाही.
सर रागावले नाहीत, तेच वाईट.
म्हणाले, फिल्म दात्यांत अडकलीच नव्हती, नेस्तान.
तू दांडी ओढत होतीस, ती जागेवर बसून होती.
दर वेळी डावीकडची चकती बघायची. ती फिरली, तरच खरं.

म्हणजे नदी, घड्याळाची खूण, झुराबचे बूट, बाही,
सगळं त्या काळ्या टोकावर एकावर एक.
तिनाने सहाकडे पाठ फिरवून बसावं,
तशी त्या रात्री मी कॅमेऱ्याकडे पाठ करून झोपले.

लम्झिरा रोज विचारायची. वाळतायत, मी म्हणायची.
मग, सर गावाला गेलेत.
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, किती दिवस?
शेवटच्या आठवड्यात डबा वाऱ्याने मधोमध थांबला,
पायाखाली नुसती हवा. तिथे सांगून टाकलं.
ती बिया चावत राहिली.
मग म्हणाली, म्हणजे काच मी उगाच पुसली.

रविवारी ती केस सेट करून आली, जांभळी लिपस्टिक,
पासपोर्टला बसतात तशी ताठ बसली.
तो फोटो नीट आला. तिच्या फ्रिजवर आहे.
छान आलाय, सगळे म्हणतात.

नवे डबे मोठ्या काचांचे आहेत. दारं आपली आपण मिटतात,
आत कोणी उभं नसतं.
काचांवर धूळ बसायला लागलीय.
मी खिडकीशी बसते, दांडी ओढते,
आणि आधी डावीकडे बघते.
फिरते.